बाण कुणाचा? उपग्रहाचे कोन जुळत नाहीत तेव्हा काय तपासायचं

वातावरणातून प्रकाश कसा जातो याचा हिशेब करून उपग्रहाला काय दिसेल ते सांगणारं सॉफ्टवेअर निमूटपणे चालतं, एरर येत नाही, आकडेही शहाण्यासारखे दिसतात, आणि तरी उपग्रहाने मोजलेल्या रेडियन्सशी (एका दिशेने येणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेशी) ते जुळत नाहीत. कधी दीडपट, कधी निम्मे. अशा वेळी नवखा माणूस पहिला संशय एरोसोलवर, म्हणजे हवेतल्या धूळ-धुराच्या कणांवर, घेतो. मीही घेतला होता. जवळजवळ आठवडाभर ऑप्टिकल डेप्थ (हवा प्रकाश किती अडवते ते), एरोसोलचा प्रकार, जमिनीचा अल्बेडो (ती किती प्रकाश परत फेकते ते) असं एकेक फिरवत बसलो. त्यात वाईट गोष्ट अशी की एरोसोल पुरेसं फिरवलं तेव्हा आकडे जुळलेसुद्धा. दुसऱ्या दिवशीचं दृश्य घेतल्यावर सगळं पुन्हा बिनसलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की सापेक्ष दिगंश (सूर्य आणि सेन्सर यांच्या आडव्या दिशांमधला कोन) १८० अंशांनी उलटा दिला होता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोन, मग वायू, मग एरोसोल, मग जमीन. उलट क्रमाने गेलात तर कोनाची चूक बाकीच्यांच्या पोटात लपून बसते.

आधी एक प्रश्न: हा बाण कुठून कुठे जातो?

कोनांचा बहुतेक गोंधळ एकाच गोष्टीतून होतो. कोन म्हणजे एका बाणाची दिशा, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा बाण वेगळा असतो. मुख्य प्रकार तीन.

पहिला बाण जमिनीवरच्या माणसाचा. पिक्सेलवर उभं राहून बोट दाखवायचं: सूर्य तिकडे, उपग्रह तिकडे. उपग्रहाच्या डेटा फाइलमध्ये बहुतेक वेळा हेच कोन असतात. झेनिथ कोन डोक्यावरच्या बिंदूपासून मोजलेला, दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. सिक्स-एस हे सॉफ्टवेअरही याच पद्धतीने चालतं.

दुसरा बाण प्रकाशाचा, म्हणजे फोटॉन ज्या दिशेने प्रवास करतो ती दिशा. डिसॉर्ट हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) आणि त्याच्यावर उभं असलेलं लिबरॅडट्रान हे सॉफ्टवेअर असा विचार करतात.

तिसरा बाण नजरेचा: सेन्सर जिकडे पाहतो ती दिशा. मॉडट्रान आणि आर्ट्स या सॉफ्टवेअरची ही रीत. त्यांच्या भाषेत सरळ खाली पाहणं म्हणजे १८० अंश, शून्य नव्हे.

एकाच उपग्रहाचं एकच निरीक्षण घ्या. उपग्रह बरोबर डोक्यावर आहे. पहिल्या पद्धतीत झेनिथ कोन ०, दुसऱ्या पद्धतीत कोसाइन अधिक १ (प्रकाश वर जातोय), तिसऱ्या पद्धतीत १८०. तिन्ही बरोबर. चूक होते ती एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या खिडकीत टाकल्यावर. मॅन्युअल उघडलंत तर कोनाची व्याख्या वाचण्याआधी हा बाण शोधा आणि कागदावर काढून ठेवा. खरोखरच कागदावर, कारण डोक्यातल्या डोक्यात आरसे फिरवताना भलेभले चुकतात.

पायरी १: डेटातले कोन खरंच तेच आहेत का?

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी डेटातले चार आकडे पाहा: सूर्याचे दोन, सेन्सरचे दोन.

लँडसॅट उपग्रहांच्या मेटाडेटा फाइलमध्ये सूर्याचा झेनिथ कोन नसतो, सूर्याची उंची असते, क्षितिजापासून मोजलेली. ९० मधून ती वजा करायची. सूर्य ४५ अंशांवर असेल तर ही चूक दिसतच नाही. तिथून जसजसे दूर जाल तसतशी ती वाढते, आणि मग ‘उन्हाळ्यात मॉडेल एका बाजूला चुकतं, हिवाळ्यात दुसऱ्या’ अशा सुरस कथा तयार होतात.

मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरच्या भूस्थान फाइलमध्ये (पिक्सेलची जागा सांगणाऱ्या) कोन अंशाच्या शंभराव्या भागात, पूर्णांक म्हणून साठवलेले असतात. ६५३० म्हणजे ६५.३०. हा गुणक लावायचा राहिला तर चूक लगेच कळते, म्हणून ती निरुपद्रवी. उपद्रवी आहे ती रेडियनची चूक. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमधलं कोसाइन रेडियन मागतं. तुम्ही अंशात ६० दिलेत तर उत्तर ०.५ ऐवजी −०.९५२ येतं. हा आकडा −१ आणि १ च्या मधे आहे, म्हणून सॉफ्टवेअर तो बिनबोभाट गिळतं. पुढे त्याचं काय होतं ते पायरी ३ मध्ये पाहू.

मग स्कॅन कोन आणि झेनिथ कोन यांतला फरक. उपग्रहापाशी, सरळ खालच्या दिशेपासून मोजलेला कोन म्हणजे स्कॅन कोन. पिक्सेलपाशी मोजलेला तो झेनिथ कोन. पृथ्वी सपाट असती तर दोन्ही सारखे आले असते. ती गोल असल्यामुळे नियम असा: स्कॅन कोनाचा साइन = पृथ्वीची त्रिज्या भागिले (त्रिज्या + उपग्रहाची उंची), गुणिले झेनिथ कोनाचा साइन. ७०५ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहासाठी हा भागाकार सुमारे ०.९ येतो. मोडिस दोन्ही बाजूंना ५५ अंशांपर्यंत स्कॅन करतो, आणि एका फेरीत दिसणाऱ्या पट्ट्याच्या कडेला जमिनीवरचा झेनिथ कोन सुमारे ६५.५ अंश होतो. दहा अंशांचा फरक आहे हा. भूस्थिर उपग्रहाच्या बाबतीत तर विचारूच नका. तिथला भागाकार सुमारे ०.१५ आहे, म्हणजे जमिनीवर ६० अंश असताना स्कॅन कोन जेमतेम ७.५. संपूर्ण पृथ्वीची थाळी ८.७ अंशांच्या आत मावते. तुमच्याकडचे भूस्थिर उपग्रहाचे सगळे ‘झेनिथ कोन’ ९ पेक्षा कमी असतील, तर ते झेनिथ कोन नाहीत.

वेळेकडेही लक्ष द्या. सूर्याचे कोन तुम्ही स्वतः काढत असाल तर वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची, रेखांशाचं चिन्ह तपासायचं. एका तासाची चूक म्हणजे सूर्य आपल्या दैनिक वाटेवर १५ अंश पुढेमागे. भूस्थिर उपग्रहाची पूर्ण थाळी १० मिनिटांत स्कॅन होत असेल आणि तुम्ही सगळ्या पिक्सेलना फाइलच्या नावातली वेळ लावली असेल, तर थाळीच्या एका टोकाला २.५ अंशांपर्यंत फरक पडतो. दुपारी चालून जातं. सूर्य मावळतीला असेल तिथे नाही.

शेवटचं, दिगंशाचं. काही फाइलींत तो ० ते ३६०, काहींत −१८० ते १८०. सूर्याच्या आणि सेन्सरच्या दिगंशांची वजाबाकी केल्यावर फरकाचं चिन्ह काढून टाका, आणि तो १८० पेक्षा जास्त आला तर ३६० मधून वजा करा. पिक्सेलचे गट करून सरासरी घेत असाल तर दिगंशाची थेट सरासरी कधीही घेऊ नका. १७९ आणि −१७९ यांची सरासरी ० येते, म्हणजे नेमकी उलटी दिशा. साइन आणि कोसाइन यांची वेगवेगळी सरासरी घ्या आणि मग कोन काढा. इंटरपोलेशनलाही हाच नियम.

एक मात्र चूक समजू नका. पट्ट्याच्या मधोमध, उपग्रहाच्या बरोबर खाली, सेन्सरचा दिगंश एकदम १८० अंशांनी उडी मारतो. ती उडी खरी आहे: उपग्रह पिक्सेलच्या एका बाजूला होता, पुढच्या पिक्सेलच्या दुसऱ्या बाजूला गेला. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

पायरी २: सॉफ्टवेअरच्या भाषेत भाषांतर

लिबरॅडट्रान. इथे सेन्सरचा झेनिथ कोन कोसाइनच्या रूपात, ‘यूएमयू’ या नावाने द्यायचा. उपग्रहासाठी तो धन, आकाशाकडे पाहणाऱ्या जमिनीवरच्या उपकरणासाठी ऋण, शून्य चालत नाही. दिगंशांची व्याख्या पाहून पहिल्यांदा सगळेच बुचकळ्यात पडतात: सेन्सर उत्तरेला असेल तर त्याचा दिगंश ०, पण सूर्य दक्षिणेला असेल तर सूर्याचा दिगंश ०. लहरीपणा वाटतो, पण प्रकाशाचा बाण आठवा. दक्षिणेकडच्या सूर्याचा प्रकाश उत्तरेकडे जातो, आणि उत्तरेकडच्या सेन्सरकडे जाणारा प्रकाशही उत्तरेकडेच. दोन्ही बाण उत्तरेकडे, दोन्ही शून्य. म्हणून सेन्सरचा दिगंश डेटातला जसाच्या तसा आणि सूर्याच्या दिगंशात १८० मिळवून द्यायचे. दोन्ही दिगंश समान झाले की सेन्सर सूर्याच्या दिशेने पाहतोय, १८० चा फरक असला की सूर्य त्याच्या पाठीशी.

उंचीही सांगावी लागते. ‘झेडआउट’ ही ओळ लिहिली नाही तर उत्तर जमिनीवरचं मिळतं. तिथे उपग्रहाची उंची म्हणून ७०५ लिहू नका, ‘टीओए’ (वातावरणाचा माथा) लिहा. सॉफ्टवेअरसोबत येणारे प्रमाण वातावरणाचे तक्ते १२० किलोमीटरपर्यंतच आहेत, आणि त्याच्या वर प्रकाशाला अडवणारं काही नाही. सपाट थरांच्या मॉडेलमध्ये कोन उंचीनुसार बदलत नाही, म्हणून जमिनीवरचा झेनिथ कोनच द्यायचा, स्कॅन कोन नव्हे.

मॉडट्रान. इथे नेमकं उलट. तो गोल पृथ्वीवर दृष्टिरेषा आखतो, म्हणून कोन निरीक्षकाच्या उंचीवरचा हवा. जमिनीवर ६० अंश झेनिथ कोन असेल तर ७०५ किलोमीटरवरून स्कॅन कोन ५१.२ येतो, म्हणून द्यायचा कोन १२८.८. निरीक्षक वातावरणाच्या माथ्यावर, १०० किलोमीटरवर ठेवलात तर तोच कोन १२१.५ होतो. सरळ १८० मधून ६० वजा करून ७०५ किलोमीटरवर १२० दिलात, तर दृष्टिरेषा जमिनीला ७४ अंशांनी भिडते आणि वातावरणातली वाट सुमारे १.८ पट होते. ‘कडेच्या पिक्सेलवर शोषण जास्त दिसतंय’ ही तक्रार ऐकली की मी आधी इथे पाहतो. शिवाय सूर्याचे कोन निरीक्षकाच्या जागी मोजलेत की लक्ष्याच्या, हेही मॉडट्रानला सांगावं लागतं.

सिक्स-एसमध्ये भाषांतर जवळजवळ नाहीच, चारही कोन जसेच्या तसे. मात्र सेन्सरची उंची म्हणून −१००० लिहायचं, हा ‘उपग्रह’ असं सांगणारा सांकेतिक आकडा आहे. तिथे ० लिहिलंत तर सेन्सर जमिनीवर आला. सोबत महिना आणि तारीखही द्यावी लागते, ती पृथ्वी-सूर्य अंतरासाठी.

पायरी ३: उघडं वातावरण घेऊन चाचणी

आता सगळं काढून टाका: एरोसोल नाही, ढग नाहीत, वायूंचं शोषण बंद, जमीन काळी, अल्बेडो शून्य. तरंगलांबी ८७० नॅनोमीटर घ्या. तिथे हवेच्या रेणूंची, म्हणजे रॅलेची, ऑप्टिकल डेप्थ सुमारे ०.०१५ असते, त्यामुळे प्रकाश जवळजवळ एकदाच विखुरतो आणि उत्तर हाताने तपासता येतं. निळ्या रंगात ही सोय नाही.

पहिला फेरा: वातावरणाच्या माथ्यावरचं रेडियन्स किती आलं?

बरोबर शून्य आलं तर दोन शक्यता. एक, तुम्ही माथ्यावर उभे राहून वर पाहताय, म्हणजे कोनाचं चिन्ह उलटं आहे. दोन, तुम्ही जमिनीवर उभे राहून काळ्या जमिनीकडे पाहताय, म्हणजे उंची चुकली. अल्बेडो ०.३ करून पुन्हा चालवा. तरीही शून्य असेल तर पहिली, आकडा आला तर दुसरी.

धोक्याची शक्यता तिसरी: दोन्ही चुका एकत्र. उंची लिहायला विसरलात आणि कोनाचं चिन्हही उलटं, तर तुम्ही जमिनीवरून आकाशाचा उजेड मोजताय. तो शून्य नसतो आणि दिसायला अगदी पटण्यासारखा असतो. मघाचं −०.९५२ आठवतंय? उंचीची ओळ नसेल तर नेमकं हेच होतं. तुम्हाला हवा होता ६० अंशांचा उपग्रह, मिळालं डोक्यावरच्या बिंदूपासून १८ अंशांवरचं आकाश.

दुसरा फेरा दिगंशाचा. सूर्याचा झेनिथ कोन ३०, सेन्सरचा ४० ठेवा. आता विखुरण-कोन, म्हणजे विखुरताना प्रकाशाची वाट किती वळली तो कोन, हाताने काढा. जमिनीवरच्या माणसाच्या बाणांनी मोजलं तर त्याचा कोसाइन असा: उणे (दोन्ही झेनिथ कोनांच्या कोसाइनचा गुणाकार), उणे (दोन्ही साइनचा गुणाकार गुणिले सापेक्ष दिगंशाचा कोसाइन). सापेक्ष दिगंश ० असेल, म्हणजे सूर्य आणि उपग्रह एकाच बाजूला, तर उत्तर १७० अंश येतं: प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत गेला. सापेक्ष दिगंश १८० असेल तर ११० अंश.

रॅले विखुरणं १७० अंशांवर जास्त, ११० वर कमी. शुद्ध सूत्राने गुणोत्तर १.७६ येतं. रेणूंच्या डीपोलरायझेशनचा (रेणू पूर्ण गोल नसल्यामुळे पडणाऱ्या फरकाचा) हिशेब धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते १.७ च्या जरा वर राहतं. आता सॉफ्टवेअरला दोन्ही दिगंश द्या. सूर्य आणि उपग्रह एकाच बाजूला असतानाचा आकडा मोठा असला पाहिजे. तो लहान आला तर तुमचं भाषांतर १८० अंशांनी उलटं आहे. इतकी साधी चाचणी आहे ही, आणि माझा आठवडा वाचला असता.

दोन ठिकाणी ही चाचणी गप्प बसते. सेन्सर बरोबर डोक्यावर असेल तर दिगंशाला अर्थच नसतो, आणि सापेक्ष दिगंश ९० असेल तर उलटं करूनही ९० च राहतो. म्हणून ‘एका दृश्यावर तपासलं, बरोबर आलं’ यावर विसंबू नका. ते दृश्य पट्ट्याच्या मधलं असेल.

पायरी ४: चमक आणि अदलाबदल

रॅलेची चाचणी आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांसाठी. डोळ्यांनी पाहायचं असेल तर जमिनीच्या जागी समुद्र ठेवा. कॉक्स आणि मंक यांचं १९५४ चं लाटांच्या उतारांचं मॉडेल लिबरॅडट्रान आणि सिक्स-एस दोन्हींत आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर द्या, सूर्य ३० अंशांवर ठेवा, आणि सेन्सरचा झेनिथ कोन व दिगंश सगळीकडे फिरवून आलेख काढा. पाण्यावरची झळाळी सूर्याच्या समोरच्या बाजूला, सेन्सरच्या ३० अंशांच्या आसपास दिसायला हवी. सूर्याच्याच बाजूला दिसली तर काय करायचं ते आता सांगायला नको. डाव्या-उजव्या बाजूला दिसली तर दिगंशाचा शून्य उत्तरेऐवजी पूर्वेपासून धरला गेलाय.

दुसरी एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला कुठल्याही बाहेरच्या आकड्याची गरज लागत नाही. सूर्याचा आणि सेन्सरचा झेनिथ कोन यांची अदलाबदल करा, सापेक्ष दिगंश तोच ठेवा. सपाट थरांच्या वातावरणात माथ्यावरची परावर्तकता दोन्ही वेळा सारखी आली पाहिजे. परावर्तकता म्हणजे पाय (π) गुणिले रेडियन्स, भागिले (सूर्याचा येणारा फ्लक्स गुणिले सूर्याच्या झेनिथ कोनाचा कोसाइन). नुसत्या रेडियन्सची तुलना केलीत तर ती जुळणार नाही, आणि तो दोष सॉफ्टवेअरचा नाही.

कोन बरोबर, तरी उत्तर चूक

सपाट थरांचं मॉडेल वातावरणातली वाट १ भागिले कोसाइन एवढी धरतं. ६० अंशांना २, आणि इथवर काही बिघडत नाही. ७० ला २.९२, प्रत्यक्षात २.९०. ८० ला मात्र ५.७६, गोल पृथ्वीवर सुमारे ५.५९. आणि ८५ ला ११.५ विरुद्ध १०.३. म्हणजे ७५ च्या पुढे सावध व्हायचं, ८० च्या पुढे सपाट मॉडेलवर भरवसा ठेवायचा नाही. लिबरॅडट्रानमध्ये ‘स्यूडोस्फेरिकल’ असा पर्याय आहे, आणि तो लावला की वक्रतेचा प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं. तो फक्त सूर्याकडून येणाऱ्या थेट किरणाची वाट दुरुस्त करतो. सेन्सरकडे जाणारी वाट सपाटच राहते. मावळता सूर्य आणि डोक्यावरचा उपग्रह असेल तर उपयोग होतो. भूस्थिर उपग्रहाच्या थाळीच्या कडेला होत नाही, तिथे पूर्ण गोलीय सॉल्व्हरच लागतो.

कोनासारख्या दिसणाऱ्या पण कोनाच्या नसलेल्या चुकाही ओळखून ठेवा. मॉडेल भागिले निरीक्षण हे गुणोत्तर सूर्याच्या झेनिथ कोनासमोर मांडा. ते बरोबर कोसाइनसारखं वळत असेल, ६० अंशांना निम्मं, तर परावर्तकतेच्या व्याख्येत कोसाइनने भागायचं राहिलंय. ते वर्षभरात हळूहळू वरखाली होत असेल, तर पृथ्वी-सूर्य अंतर घातलेलं नाही: जानेवारीत येणारा सूर्यप्रकाश जुलैपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असतो. आणि धूळ किंवा ढग घातल्यावर कोनानुसार बारीक लाटा उमटत असतील, तर सॉल्व्हरच्या स्ट्रीमची (हिशेबात धरलेल्या दिशांची) संख्या १६ वरून ३२ करून पाहा. लाटा बदलल्या तर त्यांचा भूमितीशी संबंध नाही.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘रेडियन्स जुळत नाही’ एवढंच लिहू नका. एका पिक्सेलचे डेटातले चार कोन, त्यावरून सॉफ्टवेअरला दिलेले आकडे, हाताने काढलेला विखुरण-कोन, उंचीची ओळ आणि उघड्या वातावरणाच्या चाचणीतले दोन आकडे पाठवा. ही यादी तयार करता करताच अर्ध्या लोकांना आपली चूक सापडते. उरलेल्यांना उत्तर लवकर मिळतं, कारण समोरच्याला तुमचा बाण कुठून कुठे जातो ते दिसतं.